रायभानच्या जिभेवरची गाठ

"देवानं बैलाला खांदा दिला, कोंबड्याला बांग दिली अन् रायभानला जीभ दिली. ही जीभ थांबली की ताडकळसचा बाजार थांबला म्हणून समजा!"

बैलबाजारात चिंचेखाली उभं राहून रायभान दलालानं हे जाहीर केलं आणि लगेच "आई गं!" करून तो मटकन खाली बसला. बाजार थांबला नाही. समोरच्या बैलानं तर शेण टाकून रवंथ तसंच चालू ठेवलं. रायभानची जीभ तेवढी दाताखाली आली होती, तीही नेमकी गाठीवर.

ही गाठ जिभेच्या उजव्या कडेला होती. गेल्या पोळ्याला मुगाएवढी होती, आता चांगली हरभऱ्याएवढी झाली होती. दुखत नव्हती, पण बोलताना मधेमधे यायची, आणि रायभानच्या बाबतीत बोलताना म्हणजे दिवसभर. वास्तविक सौदा व्हायचा तो उपरण्याखाली. घेणाऱ्याचा नि दलालाचा हात फडक्याआड, बोटं दाबून भाव, तिसऱ्याला पत्ता नाही. पण रायभानचं तोंड उपरण्याच्या बाहेर असायचं, आणि ते आख्ख्या बाजाराला ऐकू जायचं.

गाठ कशाची, यावर गावात बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं चरबी, कुणी म्हणालं साकळलेलं रक्त. न बोललेले शब्द तिथं साठलेत, असंही एकानं सांगून पाहिलं. पण ते कुणालाच पटलं नाही. रायभानजवळ न बोललेला शब्द शिल्लक असणं शक्य नव्हतं.

त्याची बायको भिवराबाई हिला मात्र गाठीचा उगम पक्का ठाऊक होता.

"व्यंकटराव मालकाला तांबडा बैल दिला तवा बेलभंडारा उचलून काय म्हणलं तुमी? लाथ मारत न्हाई. मारतो का न्हाई?"

"मारतो."

"मंग? खोटी शपथ जिभंवरच उगवंल, का पाठीवर उगवंल?"

रायभानला हे बिनतोड वाटलं. तो तसाच उठून व्यंकटरावांच्या ओट्यावर गेला. गावातले मोठे जमीनदार, पानाचं तबक पुढ्यात घेऊन बसले होते.

"मालक, माफी करा. त्या तांबड्याची शपथ खोटी होती."

"ठाऊक हाय," व्यंकटराव म्हणाले. "मला दुसऱ्याच दिवशी कळालं. गुडघ्याला."

माफी मिळाली. गाठ तसूभरही उतरली नाही. आठ दिवस वाट पाहून भिवराबाईनंच गाडी जुंपायला लावली आणि नवऱ्याला परभणीच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

डॉक्टर हैदराबादकडचे. मराठी समजायचे, बोलायचे मात्र आपल्याच बोलीत. त्यांनी गाठीवर काचेची पट्टी दाबून पाहिली. रंग उडाला नाही.

"खून की नहीं."

मग चिमटीत धरून हलवली. लोण्यासारखी लिबलिबीत लागेना.

"चरबी की भी नहीं."

वरून गुळगुळीत होती, तेव्हा चामखीळही नव्हे. मग त्यांनी अंगठा घालून रायभानचा ओठ वर केला, मान उजेडाकडे वळवली आणि दात मोजल्यासारखे पाहिले. बैलाचं वय काढताना रायभान अगदी असाच अंगठा घालायचा. आपल्याला आता चार दातांचा चौसा म्हणतात की सगळे दात आलेला जुळलेला, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"ये दाढ कब टूटी?"

"दीड साल झालं. पैजंवर सुपारी फोडली, साहेब."

"कभी देखा नहीं?"

बाजाराच्या दिवशी पन्नास जनावरांचे जबडे उघडणाऱ्या या माणसाला स्वतःचा उघडून बघायचं कधी सुचलंच नव्हतं. भिवराबाईनं पदरात तोंड लपवलं. ती रडत नव्हती.

सुई देऊन डॉक्टरांनी गाठ काढली, तुटकी दाढही उपटली. गाठ मधोमध कापून दाखवली. आतून पांढरी, चिवट. अंबाडीच्या दोरीचा पीळ उकलावा तसे धागे.

"जू घिसता है तो बैल की गर्दन पर क्या होता?"

बोलता येत नव्हतं म्हणून रायभाननं मुठीवर बोटं घासून दाखवलं. घट्टा.

"बस! बोलते-बोलते तेरी जीभ दाढ पर घिसी. जीभ ने घट्टा पकडा." मग अर्धी गाठ बाटलीत टाकत ते जरा हळू बोलले, "फिर भी हैदराबाद भेजता हूँ. वहाँ खुर्दबीन की काच से देखेंगे. पंधरा दिन."

"त्यात काय वंगाळ निघालं तर?" भिवराबाईनं विचारलं.

"तो और जीभ काटनी पडेगी. बहोत करके नहीं निकलेगा. तब तक बात नक्को."

आठ दिवसांत जखम भरली, पण रायभान बोलला नाही. हैदराबादची चिठ्ठी येईपर्यंत एक शब्द काढायचा नाही, हे डॉक्टरांचं सांगणं त्यानं मनावरच घेतलं. सकाळी आंबील प्यायची नि भिंतीला टेकून बसायचं. जीभ गेलेला दलाल काय करतो, हे तो वासरांकडे बघत मनात पुन्हा पुन्हा विचारायचा. तिसऱ्या दिवशी भिवराबाई म्हणाली, "घर कसं खायला उठायलंय. शिव्या तरी द्या की!" त्यानं नुसती मान हलवली.

बाजाराला मात्र तो जात राहिला. उपरण्याखाली बोटं चालायची, वर तोंड बंद. घेणाऱ्याला बैलाची तारीफ ऐकू येईना, म्हणून तो स्वतःच वाकून दात बघायचा. बैल लाथ मारणारा असला तर रायभान आपल्या गुडघ्यावर टिचकी मारायचा. कामात बसकण मारणारा असला तर जमिनीकडे बोट करायचा. एरवी बाजारात चार जोड्या खपल्या तर खपायच्या. या दोन बाजारांत मिळून एकोणीस गेल्या, आणि एकही परत आली नाही.

सोळाव्या दिवशी परभणीला डॉक्टरांनी उर्दू चिठ्ठी वाचली.

"सरतान, यानी कैन्सर, नहीं. रेशों की सादी गाँठ."

"मंग बोलू?" रायभाननं विचारलं. पंधरा दिवसांतला पहिला शब्द चिरकाच निघाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"बोल, बाबा."

परतीच्या वाटेवर तो बैलांशी बोलला, बाभळींशी बोलला, पूर्वी बोलून झालेलं भिवराबाईशी पुन्हा बोलला. ती हसत हसत ऐकत होती, निम्म्या वाटेपर्यंत.

पुढच्या बाजारी चिंचेखाली लोक जमले. रायभाननं चिठ्ठी उंच धरली, छाती भरून घेतली.

"मंडळी! हैदराबादच्या काचंखाली तपासून आलेली जीभ हाय ही! सरकारनं लिहून दिलंय की हिच्यात खोट न्हाई! आता ह्या जिभंनं..."

व्यंकटराव नवी जोडी घ्यायला आले होते. त्यांचा हात केव्हाचा उपरण्याखाली थांबला होता.

"रायभान, लय आनंद झाला, बाबा," ते म्हणाले. "पण त्या डाक्टराकडून आजून पंधरा दिवसांची गप ऱ्हायची चिठ्ठी आणता येईल का?"