उजव्या चाकाचा हब

मित्रांनो, मी लाटंबार्सेतली एक जुनी जीप. माझ्या सांगण्यात ऐकण्यासारखे काही आहे की नाही, मलाच खात्री नाही. तरी सांगते.

कारखान्यात मी घडले, पण जाणती झाले पाळी गावच्या खाणीवर. तिथला लाल चिखल पायातली चप्पल ओढून घेई. माझा ड्रायव्हर दत्ताराम चिखल लागण्याआधी खाली उतरे, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेले हब हाताने फिरवून लॉक करी आणि मगच आतला फोर-व्हीलचा दांडा ओढी. मग माझी चारही चाके जोर लावत.

खाण बंद पडली. काजूची बाग असलेल्या गोकुळदासांनी मला विकत घेतले. निरोप देताना दत्ताराम त्यांना एवढेच म्हणाला, “बाब, आठवड्यातसून एकदा तरी दोन्ही हब फिरवा. नायतर वेळार दगो देतली.”

दसऱ्याला त्यांच्या मुलाने, गौरेशने, मला धुतले, झेंडूची माळ घातली आणि दोन्ही हबांवर लाल ऑइलपेंटचा जाड हात दिला. नवी नवरीच दिसते, असे म्हणून त्याची आई गंगाबाई हसली. मीही सुखावले. रंग फटींत उतरून घट्ट होत होता, ते मला कळत होते. पण सांगणार कशी?

पुढच्या श्रावणात बागेत गवत काढताना गंगाबाईच्या हाताला फुरसे चावले. गौरेशने तिला माझ्यात बसवले. बागेबाहेरच्या चढावर मागची चाके चिखलात जागच्या जागी फिरू लागली. दांडा ओढूनही उपयोग होईना. पकडीने पिळल्यावर डावा हब फिरला; उजवा हलला नाही. एकट्या डाव्याने काही होत नाही, दोन्ही लागतात. गंगाबाईचा हात कोपरापर्यंत सुजला होता. शेवटी बापलेकांनी तिला खुर्चीत बसवून डांबरी रस्त्यापर्यंत उचलून नेले. ती वाचली. दोन बोटे मात्र गेली.

आज तिला पट्टी बदलायला न्यायचे आहे. बसण्याआधी तिने गौरेशला विचारले, ते चाक दुरुस्त केलेस का?

“मागीर बघूया गे आई. आज पाऊस नाय.”

डोंगरामागे आभाळ काळे झाले आहे. मित्रांनो, मला रंग नको, माळही नको. कुणीतरी खाली उतरा आणि उजव्या हबाला हात लावून बघा.

गौरेशने ब्रेक सोडला आहे. पुढे चढ आहे.