क्लूनकिली स्टेशनचा हट्ट

मित्रांनो, मी एक जुनं स्टेशन आहे. पण "अरेरे, बिचारं!" म्हणायचं असेल, तर आताच सांगा. दया घेणाऱ्यांतलं मी नव्हे. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात, क्लूनकिली नावाचं गाव आहे, त्या गावाचं मी स्टेशन.

माझा जन्मच भांडणातून झाला. इथल्या जमीनदाराला आपल्या हवेलीवर गाडीचा धूर नको होता, म्हणून त्याने मला गावापासून लांब, दलदलीच्या कडेला हाकललं. वर म्हणतो कसा, "खचेल चार दिवसांत!" गावच्या गवंड्यांनी ते ऐकलं आणि माझा पाया दुप्पट खोल घेतला. आज त्याच्या हवेलीत मेंढ्या चरतात आणि माझ्या भिंतीला साधी चीर नाही.

पुढे काय दिवस होते ते! बाजाराच्या दिवशी डुकरं, टोपल्यांतली बदकं, अंडी आणि बायकांचा कलकलाट. नवं जोडपं गाडीत बसलं की पोर्टर रुळावर फटाके ठेवायचे. खरं तर ते धुक्यात ड्रायव्हरला सावध करण्याचे फटाके, पण चाक वरून गेलं की असे धडाधड वाजायचे की नवरी नवऱ्याला घट्ट धरायची. अमेरिकेला निघालेल्या पोरींच्या आयाही मी पाहिल्या. खिडकीतला हात धरून त्या माझ्या फलाटाच्या टोकापर्यंत धावायच्या. पुढे फलाटच नसायचा. मला तेव्हा फार वाईट वाटायचं, हे मी लपवत नाही.

किलबेन हे माझे मास्तर. गुलाब लावण्यात पटाईत. माझ्या गुलाबांना बक्षीसही मिळालेलं. माणूस मात्र भित्रा. कंपनीचा साधा कारकून आला तरी टोपी काढून उभे. गावात लोक म्हणायचे, "किलबेन मास्तर सावलीलासुद्धा 'हो साहेब' म्हणतात."

आणि मग तो १९२० सालचा उन्हाळा आला. देशावर इंग्रजांचं राज्य होतं आणि ते उलथवायला माणसं उठली होती. बंदुका आणि दारूगोळा गाडीतून नेऊन आपल्याच माणसांवर चालवायचा? रेल्वेच्या कामगारांनी ठरवलं, हत्यारबंद सैनिक गाडीत चढले की गाडी हलवायची नाही.

माझ्या फलाटावर ती वेळ बाजाराच्या दिवशी आली. गाडी माणसांनी भरलेली. एवढ्यात एक इंग्रज कॅप्टन सैनिकांची तुकडी घेऊन आला आणि सगळे बंदुकांसह डब्यात चढले. ड्रायव्हर मॅलकी टूही इंजिनातून खाली उतरला, हात पुसले आणि माझ्या बाकावर बसून त्याने पाइप पेटवला.

"काय झालं? गाडी बिघडली?" कॅप्टनने विचारलं.

"गाडी ठणठणीत आहे साहेब. मीच बिघडलोय."

"नोकरी जाईल. कंपनीचं घरही जाईल. पोरं आहेत ना तुला?"

"पाच. आणि पाचही जण रात्री विचारतील, बाबा आज काय केलंस?"

कॅप्टन प्रवाशांकडे वळला. "पाहा! या एका हट्टी माणसापायी तुमचा दिवस बुडतोय. गाडी सुटली नाही तर या स्टेशनला मी टाळं ठोकेन. मग जा बाजाराला चालत!"

माझ्या काळजात धस्स झालं. टाळं! पण मित्रांनो, त्याच क्षणी मी मनात म्हटलं, ठोक. मोडेन पण वाकणार नाही. दगडाला बोलता येत नाही, म्हणून ते काम विनी रुएनने केलं. ती अंडी विकणारी बाई, तोंडाची फटकळ. टोपली घेऊन ती डब्यातून उतरली.

"आमच्या आज्या पायीच जायच्या बाजाराला," ती म्हणाली. "पाय आहेत देवाने दिलेले. तुमच्यासारखे भाड्याचे नाहीत! सरक रे मॅलकी, बसू दे."

तिच्यामागे सगळे उतरले. कुणी कुरकुरत, कुणी शिव्या देत, पण उतरले. डब्यात उरले फक्त सैनिक.

कॅप्टनचा चेहरा लालबुंद झाला. त्याच्या तुकडीत डॉबसन नावाचा एक सैनिक होता, त्याला इंजिन चालवता यायचं. आता अडचण एकच होती. आमचा रूळ एकेरी. समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून त्या रुळावर जायच्या परवान्याची एकच काठी असायची. मास्तरांनी ती ड्रायव्हरच्या हातात दिली तरच गाडी सुटायची. आणि काठी होती किलबेन मास्तरांकडे.

"काठी द्या," कॅप्टन म्हणाला.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. संपलं, असंच प्रत्येकाला वाटलं. मलाही वाटलं.

मास्तर काठी घेऊन बाहेर आले. "नियम असा आहे साहेब," ते चाचरत म्हणाले, "की काठी कंपनीच्या ड्रायव्हरच्याच हातात द्यायची." आणि ते सरळ बाकाजवळ गेले. काठी त्यांनी मॅलकीच्या हातात ठेवली. "दिली साहेब, नियमाप्रमाणे. आता गाडी कधी सोडायची ते ड्रायव्हर बघेल."

"अगं बाई!" विनी ओरडली. "मास्तरांना कणा आहे!"

कॅप्टनचा हात पिस्तुलावर गेला. "डॉबसन, हिसकावून घे ती!"

डॉबसन इंजिनाशीच उभा राहिला. "माफ करा साहेब. माझा बाप तिकडे यॉर्कला रेल्वेचाच ड्रायव्हर आहे. हिसकावलेल्या काठीवर गाडी चालवली हे त्याला कळलं, तर तो मला दारात उभं करणार नाही."

कॅप्टनने एकदा डॉबसनकडे, एकदा भरलेल्या फलाटाकडे पाहिलं आणि पिस्तुलावरचा हात काढला. शेवटी सैनिकांनी दारूगोळ्याच्या पेट्या खांद्यावर घेतल्या आणि ते रस्त्याने चालत निघाले. विनीने मागून आवाज दिला, "अंडी हवीत का वाटेत खायला?"

कॅप्टनने शब्द मात्र पाळला. मॅलकीची नोकरी गेली, घर गेलं. मास्तरांनाही काढलं. माझ्या दाराला टाळं लागलं आणि रुळांवर गवत माजलं. पण मॅलकीच्या पाच पोरांतलं एकही त्या हिवाळ्यात उपाशी निजलं नाही. कुणी बटाटे दिले, कुणी शेकोटीला दलदलीतली सुकी माती दिली, ती आमच्याकडे लाकडासारखी जळते, मास्तरांनी स्वतःची वरची खोली दिली. पुढे इंग्रजांशी तह झाला, टाळं निघालं आणि पहिली गाडी मॅलकीनेच आणली. मास्तर तोवर थकले होते. ते जुनी टोपी घालून फलाटावर उभे राहिले आणि ती त्यांनी कुणासाठीही काढली नाही.

पुढे आणखी खूप वर्षांनी मला पुन्हा बंद केलं. या खेपेला बंदुका नव्हत्या, पेन्सिली होत्या. "तोटा होतो," म्हणाले आणि रूळ उचलून नेले. तेव्हा कुणीच बाकावर बसलं नाही, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता माझ्या छपराची कौलं निखळलीत आणि धुराड्यात कावळे घर करतात. परवा दोन भले लोक येऊन म्हणाले, "कुंड्या लावू, रंग देऊ, आणि पाटी लिहू, 'येथून गाड्या सुटत असत.'"

मित्रांनो, कुंड्या राहू द्या. आधी छप्पर नीट करा. तुमच्याही गावात माझ्यासारखं कुणी म्हातारं असेल, तर त्याचं आधी छप्पर बघा, मग हार घाला. आणि पाटी लिहायचीच असेल तर नीट विचारून लिहा. गाड्या काय, सगळ्याच स्टेशनांतून सुटतात. माझ्यावर लिहा, "येथून एक गाडी सुटली नाही."