तुरीचा भात आणि तीन डबे

दलीला हिंक्सन पहाटे कोलोनला जहाजावर चढायची, वर कप्तानाशेजारी माइकसमोर बसायची आणि संध्याकाळी पलीकडच्या समुद्राच्या काठी उतरायची. मधल्या वेळात प्रवाशांना पनामाचा कालवा समजावून सांगणं हे तिचं काम. अठरा वर्षांत तिची माहिती कधी कमी पडली नव्हती.

त्या मंगळवारी पडली. कार्ताहेनाहून आलेलं दोन हजार प्रवाशांचं जहाज गातूनच्या दारांमध्ये, पाणी भरून जहाज उचलणाऱ्या हौदांतून, वर चढलं, तळ्यात शिरलं आणि तिथेच नांगर टाकून उभं राहिलं. पुढे अरुंद भागात एका मालवाहू जहाजाचं इंजिन बंद पडलं होतं. बारा वाजेपर्यंत दलीलाने खोदकाम, मलेरिया, दारांची वजनं, सगळं संपवलं. मगर दोनदा दाखवली. दुसऱ्यांदा तो ओंडका निघाला.

"बोलत राहा," जहाजावरचा अधिकारी म्हणाला. "तुम्ही थांबलात की लोक खाली रांग लावतात. पुढचं पुंतारेनास बंदर चुकणार का, एवढंच विचारतात."

"आता उरलंय काय? घरातल्या गोष्टी सांगू?"

"सांगा."

तिने सांगितल्या. तिच्या मुलीच्या बारशाला, म्हणजे चर्चमधल्या नामकरणाला, अर्नेस्टिना मावशीने नारळाच्या दुधातला तुरीचा भात केला होता. नारळ मी स्वतः खवला, असं ती सगळ्यांना सांगत होती. दलीलाच्या आईला कचऱ्यात, केळीच्या पानांखाली, नारळाच्या दुधाचे तीन रिकामे डबे सापडले. आईने ते आणून पाद्रीबाबांसमोर मांडले. त्याला बारा वर्षं झाली. दोघी बहिणी एकाच गल्लीत राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

"ते डबे शेजाऱ्यांचे होते," मागून आवाज आला. आज जहाज कालव्यातून नेणारा पायलट एगबर्तो होता, अर्नेस्टिना मावशीचा मुलगा.

"शेजारी नारळाचं दूध पितात का, तेही डब्यातलं?"

"तुझ्या आईला नाक खुपसायला कुणी सांगितलं होतं?"

"एगबर्तो, माइक चालू आहे."

"असू दे! माझी आई खोटं बोलत नाही!"

खाली स्वागतकक्षाचे फोन वाजू लागले. पुंतारेनासचं कुणी विचारेना. भाताला तेल सुटलं होतं का, असं एका बाईंना जाणून घ्यायचं होतं. एका निवृत्त न्यायाधीशाचं म्हणणं होतं, की कचरा कुणाचा हे आधी सिद्ध व्हायला हवं. दलीलाने सगळ्यांना उत्तरं दिली. एगबर्तोने प्रत्येक उत्तराला हरकत घेतली.

तीन वाजता वाट मोकळी झाली. एगबर्तोने तोंड मिटून जहाज अगदी बेताबेताने पुढे नेलं. पेद्रो मिगेलच्या दारांमध्ये पाणी उतरत होतं, तेव्हा वरच्या डेकवर दोन तट पडले होते. पाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मधल्या काळात कुणीतरी हे सारं मोबाइलवर चित्रित करून पुढे पाठवलं होतं. जहाज पलीकडच्या टोकाला, बाल्बोआ बंदरात पोचण्याआधी ते कोलोनच्या गल्लीत पोचलं.

दलीला घरी आली तेव्हा आई फोन कानाला लावून भिंतीशी उभी होती. चेहरा लाल, अंगावरच्या ॲप्रनने घाम पुसत.

"मावशी?" दलीलाने खुणेनेच विचारलं.

आईने फोनवर हात ठेवला. "दोन हजार परक्या लोकांना तीन डबे सांगितलेस म्हणून भांडतेय. म्हणते दोनच होते."

"म्हणजे डबे होते?"

"होते ना! पण दोन, म्हणते. बारा वर्षं मी तीन मोजलेत. पावणेदोन तास झाले, ऐकायला तयार नाही." तिने फोन दलीलाच्या हातात कोंबला. "धर जरा, मला मोरीत जाऊन यायचंय. काहीही बोल, पण तिला फोन ठेवू देऊ नकोस."

दलीलाने फोन कानाला लावला आणि खुर्ची ओढली.