हंड्याला चावलेलं कुत्रं

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालत असे, त्या काळची गोष्ट. धाडच्या बाजारात मारुतीच्या पारापाशी एवढी गर्दी जमली, की भाजीवाल्या बायांनी आपल्या टोपल्या उचलून तिकडेच नेल्या. गर्दीच्या मधोमध हिंमतराव पाटील उघड्या अंगाने बसले होते आणि त्यांच्या पाठीला काशाची एक थाळी चिकटली होती. वरून दोरी नाही, खालून आधार नाही. सकाळी चिकटलेली थाळी जेवणवेळ टळली तरी पडायचं नाव घेईना.

"जहर बहुत है, पाटील," थाळीबाबा डोळे मिटून म्हणाला. "थाली जहर पी रही है. पेट भरेल तेव्हा आपोआप पडेल."

लोकांनी हात जोडले. पाटलांना पंधरा दिवसांपूर्वी चावलं होतं ते त्यांच्या घरचंच कुत्र्याचं पिल्लू, तेही खेळता खेळता. ते पिल्लू आत्ता पाटलांच्या जोड्यांशी झोंबत होतं. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. चमत्कार पाठीवर चालू असताना जोड्यांकडे कोण बघतो?

बाबाला गावात आणलं होतं रंगरावाने. रंगराव वांगी-मिरची पिकवणारा, सरळ, थोडा मानाचा भुकेला माणूस. डोणगावच्या बाजारात त्याने कुत्र्याचं विष उतरवणारी ही थाळी पाहिली आणि बाबाला आपल्या दमणीत, दोन बैलांच्या हलक्या गाडीत, बसवून घरी आणलं. तेव्हापासून ओसरीवर बाबा आणि गावात रंगराव, दोघांचाही भाव वधारला होता. एरवी त्याला 'रंग्या' म्हणणारे आता 'रंगरावजी' म्हणू लागले होते, आणि हे त्याला फार गोड वाटत होतं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाल्याकडून एक तांबडं कुत्रं आलं. खालचा जबडा लोंबलेला, लाळ गळत असलेली, चाल वाकडी. गोठ्यात शिरून ते ढवळ्या बैलाच्या नाकाडाला डसलं. रंगरावाची नऊ वर्षांची कोकिळा त्याला हाकलायला धावली, तर तिच्या मनगटाचा लचका तोडून ते निघून गेलं. सकाळी नाल्यात मरून पडलेलं सापडलं.

कोकिळेची आई कौशल्याबाई रात्रभर रडली. रंगराव मात्र घाबरला नाही. ज्याच्या ओसरीवर थाळीबाबा, त्याला कुत्र्याचं कसलं भय?

पारावर पुन्हा गर्दी झाली. बाबाने थाळीच्या खोलगट बाजूला ओली राख फासली, मंत्र पुटपुटला आणि कोकिळेच्या पाठीवर चापट मारून थाळी बसवली. थाळी सरकन खाली आली. पुन्हा बसवली, पुन्हा पडली. मग ढवळ्याला आणलं. त्याच्या पाठीवर तर ती क्षणभरही टिकली नाही.

"जहरच नाही!" बाबाने जाहीर केलं. "ना बिटियाच्या अंगात, ना बैलाच्या. घरी जा, गोड करून खा."

रंगरावाचे डोळे भरून आले. लोकांनी जयजयकार केला. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "रंगरावभाऊ, त्या कुत्र्याचा जबडा लोंबत होता का?"

विचारणारा रहेमतुल्ला होता, गफ्फार नालबंदाचा मुलगा. बापाने जन्मभर गावातल्या बैलांना नाल ठोकले. मुलगा शिकून सवरून दूरच्या पहाडावर सरकारी प्रयोगशाळेत गेला, आणि तिथे दहा वर्षं सशांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूंवर संशोधन करत होता. त्याचे लेख विलायतेत छापून येत. धाडमध्ये यावर एकमताने दिलेला निकाल असा होता, की एवढं शिकून शेवटी ढोरांचाच डॉक्टर झाला. सध्या तो रजेवर आला होता.

"लोंबत होता," रंगराव म्हणाला. "मंग?"

"मंग ते पिसाळलेलंच होतं. आजच निघा. मलकापुरातून गाडी धरा. अकोल्याच्या दवाखान्यात पोटात सुया देतात, त्या पुऱ्या घ्याव्या लागतीन."

"थाळी पडली ना पण! विष नाही म्हणून तर पडली!"

"अन् पाटलाच्या पाठीले दिवसभर चिकटली. त्यायले चावलेलं पिल्लू हे पाहा, भाकर खाऊन राह्यलं. पिसाळलेलं जनावर आठ-दहा दिवसांच्या वर जगत नाही. पाटलाच्या अंगात विष आलं कोठून?"

बाबा मंद हसला. "पिल्ले का जहर धीमा असतं, डाक्टर. किताबात नाही मिळत."

रहेमतुल्लाने सदरा काढला. "मले जन्मात कुत्रं चावलं नाही. लावा मले."

बाबाने नाइलाजाने लावली. डॉक्टरांच्या मांसल पाठीला थाळी घट्ट बसली. लोक चक्रावले, पण बाबा चक्रावणाऱ्यांतला नव्हता. "ढोरं चिरतो ना हा? ससे चिरतो? त्यांचा सगळा जहर याच्या अंगात. थाली झूठ बोलत नाही!"

लोकांनी माना डोलावल्या. खुद्द हिंमतराव डॉक्टरांपासून थोडे दूर सरकले.

रंगराव मनाशी हिशेब करत होता. अकोल्याला जायचं म्हणजे चारचौघांत कबूल करायचं, की मी आणलेला बाबा खोटा. मग उद्यापासून पुन्हा 'रंग्या'. त्याने बायकोकडे पाहिलं. कौशल्याबाई बाबाच्या पूजेसाठी भरून आणलेला पितळी हंडा समोर ठेवून उभी होती आणि नवऱ्याकडे एकटक बघत होती.

"डाक्टरभाऊ," ती म्हणाली, "थाळी आणखी कशाले चिकटते?"

"ज्याचं अंग गुळगुळीत अन् गोल, त्याले, वहिनी."

कौशल्याबाईने डॉक्टरांच्या पाठीवरची थाळी ओढून काढली. बाबा "हां हां, माई!" म्हणेपर्यंत तिने ओली राख फासली, आणि रोज भिंतीवर गोवरी थापणाऱ्या हाताने ती थाळी हंड्याच्या पोटावर थापली.

थाळी चिकटली. कौशल्याबाईने हात सोडला. थाळी तिथेच राहिली.

लोक टाचा उंचावून हंड्याकडे बघू लागले. मग म्हातारी मंजुळाबाई पुढे आली, हंड्याभोवती फिरून नीट पाहू लागली आणि अगदी काळजीने म्हणाली, "काव माय, या हंड्याले कोणतं कुत्रं चावलं?"

पहिल्यांदा हिंमतराव हसले, मग सगळा पार.

"पाण्यात जहर आहे!" बाबा ओरडला. "ते पाणी पिऊ नका!"

कौशल्याबाईने ओंजळीने हंड्यातलं पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत प्याली.

"वैदू दुखऱ्या जाग्यावर तुमडी लावतो, ती काऊन चिकटते?" रहेमतुल्ला लोकांना म्हणाला. "आतली हवा कमी झाली का बाहेरची हवा दाबून धरते. इथं चापट मारली का आतली हवा निसटते, अन् ओली राख कडेची फट बुजवते. पाटलाची पाठ भरलेली, म्हणून चिकटली. पोरीची हाडकुळी, बैलाची केसाळ, म्हणून पडली. ही थाळी विष मोजत नाही, अंगावरचं मांस मोजते. अन् बाबानं बरे केलेले लोक म्हणाल, तर त्यायले चावलेली कुत्री गावात अजून हिंडून राह्यली. आजार नव्हताच, तर बरा काय केला?"

रंगरावाने काही ऐकलं, काही नाही. हंड्यावरची थाळी त्याला दिसत होती, आणि आपण लेकीला गोडधोड खाऊ घालून मरू देणार होतो हेही दिसत होतं. भर पारावर त्याने आपला फेटा काढला, कोकिळेच्या मनगटाला गुंडाळला आणि तिला उचललं.

"हसायचं तेवढं हसा मले," तो म्हणाला. "पण दमणी जुंपा कोणी!"

हसलं कोणीच नाही. पाटलांनी स्वतःची जोडी जुंपून दिली.

निघण्यापूर्वी रहेमतुल्लाने कोकिळेची जखम साबणाच्या पाण्याने खळखळून धुतली. तो सोबतही गेला. वाटेत रंगरावाने विचारलं, "रोग अंगात शिरला असन, तर सुई काय करन?"

"तो रक्तातून पळत नाही, भाऊ. चावल्या जाग्यापासून, दुखणं मेंदूले कळवणाऱ्या नसेच्या आतून, मेंदूकडं हळूहळू चढतो. सुईनं अंगात त्याच्याशी लढणारे शिपाई तयार होतात. पण मेंदू म्हणजे गढी आहे. रोग एकदा आत घुसला का गढीचं दार शिपायायले उघडत नाही. दहा वर्षं मी सशायच्या मेंदूत तेच दार शोधून राह्यलो. अजून सापडलं नाही. म्हणून शिपाई आधी पोचले पाह्यजेत."

रंगरावाने बैलांना कधी नव्हे ते पराणी टोचली.

सुया पुऱ्या झाल्या. कोकिळा कण्हत, पोट धरून, पण धडधाकट घरी आली. तोवर थाळीबाबा ओसरीवरून नाहीसा झाला होता. थाळी न्यायची राहिली होती.

काही दिवसांनी ढवळ्याने पाणी पिणं सोडलं. घसा बसल्यासारखा हंबरू लागला, दावं तोडू लागला, लाळ गाळू लागला. रहेमतुल्लाने जाता जाता बजावलं होतं, की असं झालं तर तोंडाला हात लावायचा नाही, सगळ्यांना दूर ठेवायचं. रंगराव गोठ्याबाहेर उभा राहून बघत राहिला. हाताने चारा घालून वाढवलेलं जनावर तिसऱ्या दिवशी मेलं, आणि रंगराव लहान पोरासारखा रडला. कुत्रं एकच, थाळी एकच, निकालही एकच होता, 'जहर नाही'. फरक होता तो सुयांचा, आणि त्या माणसांनाच मिळत.

त्याच महिन्यात बातमी आली, की जानेफळच्या बाजारात एक बाबा कुत्र्याचं विष थाळीने उतरवतो. थाळी नवी आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी जानेफळच्या गर्दीतून एक माणूस डोक्यावर पितळी हंडा घेऊन पुढे सरकला. बाबाने त्याला पाहिलं आणि त्याचा मंत्र मधेच थांबला.

"मी धाडचा रंग्या," तो माणूस लोकांना म्हणाला. "या बाबाले पहिले मीच दमणीत बसवून आणलं होतं. याच्या थाळीनं 'जहर नाही' म्हणलेला माहा बैल मेला. लेक सुईनं वाचली. माहं ऐकू नका. त्याच्या थाळीचंही ऐकू नका. ती थाळी या हंड्याले लावून पाहा, अन् मंग आपलं आपण ठरवा."

त्याने हंडा पारावर ठेवला आणि गर्दीवरून नजर फिरवली.

"अन् खरंच पिसाळलेलं कुत्रं चावलेलं कोणी असन, तर लाजू नका. जखम धुवा अन् चला. दमणी जुंपलेली आहे."

गर्दीत एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. लेकराच्या पोटरीला चिंधी बांधलेली होती. तिने एकदा थाळीकडे पाहिलं, एकदा हंड्याकडे, आणि दमणीच्या दिशेने चालू लागली.