चोवीस फोडलेल्या कॅप्सूल

मी औषधाची एक रिकामी, पांढरी बाटली आहे. जुनी म्हणावी इतकं माझं वय नाही, पण मित्रांनो, मान खाली घालून बसलेल्याला वय कोण विचारतं? कोरोनावर तोंडाने घ्यायचं औषध म्हणून माझ्या पोटात चाळीस कॅप्सूल भरल्या होत्या. सकाळी चार, संध्याकाळी चार, असे पाच दिवस. त्यातल्या चोवीस कॅप्सूल आठवल्या की मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारखान्यात मात्र माझा तोरा काय सांगू! शेकडो बहिणींबरोबर मी पट्ट्यावरून सरकत होते आणि तोंडं बांधलेली माणसं आमच्याकडे कौतुकाने बघत म्हणत होती, "आता सुई नको, भरती नको. घरी बसून गोळ्या घ्या." ते ऐकून मी फुगून गेले. खोक्यात माझ्याशेजारी बारीक अक्षरांच्या कागदाची एक घडी सरकवली होती. तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी मी गुजरातेत खंभातला परेशभाईंच्या घरी आले. त्यांच्या आईला, वासंतीबांना, आदल्या रात्रीपासून ताप होता. वय अडुसष्ट, त्यात मधुमेह. डॉक्टर सुतरियांनी फोनवर सांगितलं, "हे औषध पहिल्या चार-पाच दिवसांतच घ्यायचं. उशीर केलात तर पाणी प्यायल्यासारखं आहे." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला दिवस गेलेत का?"

परेशभाई बांच्या दाराशीच उभे होते. आत बा कान देऊन ऐकत होत्या. जिगीषाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, दुसरा महिना होता. पण आधीच्या खेपेला घाईने पेढे वाटले आणि ते मूल राहिलं नाही. तेव्हा बांनीच बजावलं होतं, "पुढच्या वेळी तीन महिने मलासुद्धा सांगू नका." औषध आईला घ्यायचंय, बायकोचा त्याच्याशी काय संबंध, असं परेशभाईंना वाटलं असावं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि ते म्हणाले, "ना साहेब, कुणी नाही."

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत पहिल्या चार कॅप्सूल घ्यायच्या होत्या, कारण मावळल्यावर बा जैन रीतीप्रमाणे पाण्याचा थेंबही घेत नसत. त्यांनी एक कॅप्सूल हातात घेऊन उजेडात धरली आणि मला परत दिली.

"हे टरफल कशाचं केलंय, परेश? उपाश्रयात साधूमहाराज सांगत होते, हाडं उकळून करतात."

"बा, औषधाला चालतं."

"तुला चालतं. मी जन्मभर अंधारात घास खाल्ला नाही, आता हाड गिळू?"

ताप चढत होता, वेळ टळत होती. तेव्हा जिगीषा दारातून म्हणाली, "बा, तुम्ही आतलंच घ्या. टरफल मी काढते." कसलीही कुरकुर न करता ती ओट्याशी बसली. एकेक कॅप्सूल चिमटीत धरून उघडायची, भुकटी वाटीत झाडायची, उकळून गार केलेल्या पाण्यात बोटानेच कालवायची. बा त्या कडू पाण्याला तोंड वाकडं करत आणि म्हणत, "सून असावी तर अशी." आणि मी निर्लज्जासारखी मनात म्हणत होते, बघा माझी किमया, म्हातारीचा ताप उतरतोय.

चौथ्या दिवशी सकाळचं औषध झालं आणि डॉक्टरांचा फोन आला. बांना हुशारी वाटत होती. फोन त्यांनीच घेतला.

"साहेब, आराम आहे. माझी जिगीषा आठही कॅप्सूल रोज स्वतःच्या हाताने फोडून देते."

"कोणी सांगितलं फोडायला? बा, सून पोटुशी नाही ना? नीट विचारा."

"छे हो," म्हणत बांनी ओट्याकडे पाहिलं. जिगीषा आपली बोटं बघत उभी होती. त्यांना अजून पांढरं लागलेलं होतं. बांना विचारावं लागलं नाही.

डॉक्टरांनी आधी तिला हात धुवायला लावले. मग त्यांनी खोक्यातली घडी उलगडायला सांगितली. परेशभाई मोठ्याने वाचू लागले. कॅप्सूल फोडू नये. गरोदर बाईने हे औषध घेऊ नये, गर्भाला अपाय होऊ शकतो. आणि खाली, आवरण वनस्पतीपासून बनवलेलं आहे. तिथे त्यांनी कागद खाली ठेवला.

"माझंच चुकलं, बा. मी खोटं बोललो."

"तू माझ्यामुळे बोललास," बा म्हणाल्या. "मेलेल्या जिवाचं पाप नको म्हणून मी अडून बसले, आणि घरातला जीव टांगणीला लावला."

उरलेल्या सोळा कॅप्सूल बांनी अख्ख्या गिळल्या. परेशभाई मला फेकायला निघाले तर त्यांनी घट्ट झाकण लावून मला कपाटात सगळ्यात वर ठेवायला सांगितलं. "राहू दे. मला दिसत राहू दे." तिथून मी सात महिने त्या घराची भीती पाहिली. दर तपासणीला बा सोबत जायच्या. डॉक्टर म्हणायचे, "सगळं ठीक दिसतंय. बहुधा काही होणार नाही, पण शपथेवर सांगता येत नाही." बहुधा या शब्दावर बांची झोप उडायची. इकडे माझाही तोरा उतरला. नवे अभ्यास झाले आणि लस घेतलेल्यांना माझा उपयोग वाटला होता त्याहून कमीच निघाला. बांना मी बरं केलं की त्यांनी आधीच घेतलेल्या लशीने, हेही मला सांगता येत नाही.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. दहा बोटं, दहा नखं, रडणं खणखणीत. बा तिला घ्यायला धजल्या नाहीत. आठवड्याने संवत्सरी आली. त्या दिवशी सगळे एकमेकांची माफी मागतात. बांनी आधी जिगीषापुढे हात जोडले, मग पाळण्यापुढे. "मिच्छामि दुक्कडम्, बेटा."

"बा, तिला काय कळतंय?" जिगीषा म्हणाली.

"तिला कळेल तेव्हा मी नसले तर?"

जिगीषाने मुलगी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. वरच्या फळीवरून मीही माफी मागितली. ती कुणाला ऐकू गेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी आली तर झाकणाआधी कागद उघडा. वाचता येत नसेल तर विचारा, आणि डॉक्टर विचारतील तेव्हा लाजून उत्तर फिरवू नका. आम्ही जिची माफी मागितली, ती निदान पाळण्यात होती; तुमच्या घरी असेलच असं नाही.