वीतभर तारीफ

मल्लय्या विणकर तेलंगणातून नागपूरच्या इतवारीत आला त्याला सन चौतीसमध्ये नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मराठी त्याच्या कानात थोडीफार शिरली, तोंडातून मात्र निघाली नाही. तशी गरजही पडली नव्हती. दुकानदाराकडे लुगडी घेऊन जाताना अकरा वर्षांची राजव्वा सोबत असायची. बाप तेलुगूत दोन शब्द टाकायचा, पोरगी मराठीत वीस करायची. "असा पदर अख्ख्या नागपुरात दाखवा, शेटजी!" हे बाप कधी बोललाच नव्हता. पण त्याला ते पटायचं.

एका संध्याकाळी राजव्वाच्या शाळेतल्या शामलाबाई घरी आल्या. मल्लय्या मागावरून उठला, चटई टाकली आणि सवयीनं पोरीकडे पाहिलं.

बाई बोलल्या. चांगल्या ऐसपैस बोलल्या. हात हलले, डोळे मोठे झाले.

राजव्वा खाली बघत बापाला तेलुगूत म्हणाली, "नायना, बाई म्हणतात, अभ्यास बरा आहे."

"बस?"

"बस."

मल्लय्याला मापात फसवणारा अजून जन्मला नव्हता. तो हसला. "बिड्डा, बाईंनी अख्खं नऊवारी उलगडलं आणि तू मला वीतभर देतेस? मधलं कापड कुठं गेलं?"

"स्वतःची तारीफ स्वतः कशी सांगू?"

"माझ्या लुगड्यांची सांगताना कुठं जाते लाज? समज, ही शेजारची पोरगी आहे. सांग."

राजव्वानं भिंतीकडे तोंड केलं आणि शेजारच्या पोरीचं सांगितलं. तिचा चौथीत पहिला नंबर आला. घरी तेलुगू बोलणारी ही पोर मराठीतही सगळ्यांच्या पुढे गेली. चौदा वर्षांच्या नोकरीत बाईंनी अशी मुलगी पाहिली नाही. तिला सीताबर्डीच्या मिडल स्कूलमध्ये घालावं, म्हणून त्या विचारायला आल्या आहेत.

कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या राजव्वाच्या अम्माचे हात थांबले.

"एवढं मोठं लपवत होतीस?" मल्लय्यानं विचारलं.

राजव्वाचा आवाज बारीक झाला. "आताची शाळा सकाळची, ती अकरा ते पाच, नायना. दुकानात तुमच्यासाठी कोण बोलेल?"

लाजेच्या घडीखाली हे दडलं होतं तर! मुक्या विणकराचा माल दुकानदार कसा उलटापालटा करून नाकं मुरडतो, हे मल्लय्याइतकं कोणाला ठाऊक?

"काय म्हणतात वं तुझे बाबा?" बाईंनी विचारलं.

राजव्वा तोंड उघडणार तोच मल्लय्यानं हात वर केला. नऊ वर्षांची साठवण त्यानं धडपडत बाहेर काढली. "बाई, पोरगी माझी हुशार. तुमी न्या तिले. दुकानात मी... मीच बोलतो."

"अगा बाई! बोलता की तुम्ही!"

"थोडा थोडा."

"शेटजी हसतील, नायना," राजव्वा तेलुगूत कुजबुजली.

"हसू दे. त्याचं हसून झालं की सांगीन, माझी पोरगी मिडल स्कूलमध्ये आहे." मल्लय्या तिच्याजवळ सरकला. "हे मराठीत कसं म्हणायचं, तेवढं आज घोकवून घे माझ्याकडून."