पहिल्या अंकाच्या कडा

माझ्या बाबांना, म्हणजे परतवाड्याजवळच्या संत्रावाल्या देवीदासरावांना, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन घ्या म्हटलं की म्हणतात, "मले काय रेडिओवर बातम्या द्याच्या हायेत?" स्वतःसाठी एक रुपया काढायचे नाहीत. म्हणून मी माझं कॉमिक विकायला काढलं.

'बिजलीबहाद्दर'चा पहिला अंक. माझ्या लहानपणी अकोल्याच्या एका छापखान्यानं काढलेला, आणि बाबांनीच संत्री विकून येताना आणलेला. तेव्हा गल्लीत घरोघरी होता. मग कुणाचा फाटला, कुणाचा रद्दीत जाऊन भज्यांच्या पुड्या झाला. आता शोधून पाच-सहाच सापडतात, म्हणून भाव. मुंबईचा एक शौकीन ऐंशी हजार द्यायला तयार होता, पण आधी ग्रेडिंग हवं म्हणाला. ते लोक पानं, कडा, पिना तपासतात, दहापैकी गुण देतात आणि अंक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. आठ गुण आले की दोन्ही कानांची चांगली मशीनं पक्की.

बाबांना हे ओरडून समजावलं, तर डोळे चमकले. "म्हंजे संत्र्यावानीच! माल कमी तं भाव जास्त, अन् फळ साफ तं नंबर वरचा." मी नोकरीला अमरावतीत, अंक घरी. त्यामुळे कुरिअर त्यांनीच केलं.

महिन्याभरानं अहवाल आला: कडा कापलेल्या आहेत, आणि कात्री लागलेला अंक मूळचा धरत नाहीत. शौकीन थेट बारा हजारांवर उतरला. मी तणतणत एसटीनं घर गाठलं.

"बाबा, कडा कापल्या काय तुमी?"

"मंग!" बाबा खुशीत म्हणाले. "जराशा खरबरीत झाल्या होत्या. पेटी भरताना संत्र्याचं देठ नाई कापत का आपण? पट्टी लावून, कैचीनं, दोन घंटे बसलो. कितवा नंबर आला?"

त्या अंकाला इतक्या मायेनं अख्ख्या वऱ्हाडात कुणी हात लावला नसेल, आणि त्याच हातानं त्याचा भाव पाडला. मला रडू येत होतं आणि कडकडून भांडावंसंही वाटत होतं. शेवटी त्यांच्या कानाशी ओरडले, "बाराच हजार येतात आता! कापलं म्हणून!"

बाबा बोटांवर हिशेब करू लागले.

"बारात एका कानाचं येते?"

"साधं येते."

"मंग डाव्याचं घे," ते म्हणाले. "जेवाले तू त्याच बाजूले बसतं."